सोमवारी काय वापराल?

तिसरा दिवस. जेवणानंतरचं सत्र म्हणजे
उतारावर सोडलेली गाडी,
इंजिन बंद, तरी चाललीय असं वाटतं.
वांद्रे-कुर्ला संकुल, सातवा मजला,
पडदे ओढलेले,
बावीस उपाध्यक्ष आणि महाव्यवस्थापक,
प्रत्येकासमोर पुदिन्याच्या गोळ्यांची वाटी.

मी 'ऐकणे' शिकवते. एकोणीस वर्षं.
ऐकण्याच्या पाच पायऱ्या मला झोपेतही येतात.
नवरा म्हणतो, झोपेतच येतात.

आज जोडीला पाहुणे प्रशिक्षक, पास्कल तुस्कानो,
वसईचे. तीस वर्षं पायलट.
विमानाचे नव्हेत, बंदरातले, बोटींचे.
संचालकांनी त्यांना बोलावलं
आमटीत आमसूल टाकावं तसं.

स्लाइड एकही नाही.
फळ्यावर एक वाकडी निळी रेघ.
"हा चॅनेल. इकडे गाळ.
इकडे खडक, भरतीला दिसत नाही, असतो.
जहाज येतं. झेंडा पनामाचा, माणसं फिलिपिन्सची,
कप्तान कुठला कुठला.
मी दोराच्या शिडीनं चढतो.
दोन तास त्या लोखंडी गावात माझा शब्द चालतो.
पण जहाज माझं नाही हां.
धक्क्याला लागलं की सही घ्यायची, उतरायचं.
कधी बाहेर सोडून येतो, तेव्हा भर समुद्रात उतरायचं.
चढायला सगळे शिकवतात.
आमचे दोघं पडले ते उतरताना.
एक मिळाला."

पंखा नसलेल्या खोलीत
पंख्याचा आवाज ऐकू यावा, तसं काहीसं झालं.
मग पहिल्या रांगेतून हात वर:
"सर, यातून फ्रेमवर्क काय घ्यायचं?"
तुस्कानोंनी बराच विचार केला.
"शिडी," म्हणाले. "ओली असते."
बावीस जणांनी लिहून घेतलं, शिडी.
काहींनी खाली दोन रेघा मारल्या.

चहाला सगळे बाहेर पडले, एक मागे राहिली.
शर्वाणी उंबरजे, औषध कंपनी, ठाण्याचा कारखाना.
"सोमवारी चाळीस जणांना सांगायचंय,
तुमचा विभाग बंद. कसं सांगू?"

माझा हात आपसूक रिमोटवर.
स्लाइड चौतीस, कठीण संवाद:
सौम्य सुरुवात, स्पष्ट मध्य, आशादायी शेवट.
दाबलं नाही, असं लिहिलं तर शोभेल.
दाबलं होतं. सेल संपले होते.

तुस्कानोंनी बिस्किट बशीत परत ठेवलं.
"नावं येतात?"
"यादी आहे ना, एचआरकडे."
"यादीचं नाही विचारलं."

तिनं मार्कर उचलला.
घरत. दोघे पाष्टे, चुलत की सख्खे माहीत नाही.
पॅकिंगच्या सुलभाताई.
नसरीन, जूनमध्ये रजेवरून आलेली.
थॉमस. कँटीनच्या बिलावर भांडतो तो कदम...
हात हवेत राहिला.
"एक उंच आहे. डाव्या हातानं सही करतो.
रोज गुड मॉर्निंग म्हणतो हो मला."
त्याचं नाव आलं नाही.
गाळाच्या बाजूला अकरा नावं,
तिरकी होत होत खाली उतरलेली.

मी काहीच बोलले नाही.
पाचांतली कितवी पायरी ही, आठवलं नाही.

पुढचं सत्र निर्णयक्षमतेचं, डॉक्टर बेलसरे,
त्यांना फळा कोरा लागतो.
"पुसू का मॅडम?" डस्टर घेऊन आलेल्या पोऱ्यानं विचारलं.
मी तिच्याकडे पाहिलं, ती तुस्कानोंकडे,
ते खिडकीचा पडदा सारून मिठी नदीकडे बघत होते,
ओहोटी लागली होती बहुतेक.
पुसलं गेलं.

संध्याकाळी अभिप्रायाचे फॉर्म लावत बसले.
विषयज्ञान, पाचपैकी चार. सभागृह, फार थंड.
पाहुणे वक्ते, प्रेरक पण वेळेत नाहीत.
शेवटचा रकाना, सोमवारी काय वापराल?
सक्रिय श्रवण. शिडी. सकारात्मकता. शिडी. शिडी.
आणि एका फॉर्मवर, बाकी सगळं कोरं ठेवून:
अजून एकोणतीस.

अहवालात हे कुठे टाकायचं, कळेना.
वाट्या तशाच भरलेल्या होत्या.
एक गोळी तोंडात टाकली
आणि पुढचा फॉर्म घेतला.